नकल्याच्या घरी आलेला फोन

नकल्याचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे त्याच्या थोरल्या बहिणीशिवाय कुणालाच धड सांगता आलं नसतं. गल्लीला तो कायम दुसऱ्याच्याच आवाजात भेटायचा. दूधवाल्याशी दूधवाल्याच्या आवाजात हुज्जत घालायचा, डॉक्टरला डॉक्टरच्याच खाकरण्याने उत्तर द्यायचा आणि घरमालकाने दार वाजवलं की आतून घरमालकाच्याच आवाजात ‘कोण आहे?’ म्हणून दरडावायचा. घरमालक बिचारा क्षणभर गोंधळायचा, आपण बाहेर आहोत की आत. शाळेत असताना तर या पठ्ठ्याने हेडमास्तरांच्या आवाजात अख्ख्या शाळेला सुट्टी देऊन टाकली होती. त्यापायी शाळेतून नाव काढलं, तर ती बातमीही त्याने घरी हेडमास्तरांच्याच आवाजात सांगितली. आई आधी हसली आणि मग तिने त्याला बदडून काढलं.

आईवडील लवकर गेले. ताईने त्याला वाढवलं. पुढे ताईचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला, तेव्हा नकल्या चार दिवस सोबतीला म्हणून तिच्याकडे राहायला आला तो कायमचाच राहिला. लग्न त्याने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, ‘बायकोने हाक मारली तर ओ कोणी द्यायची?’ रेडिओवरच्या नाटकांत त्याला काम मिळायचं. कुत्रा हवा असला की नकल्या, खोकणारा म्हातारा हवा असला की नकल्या, करकरणारं दार हवं असलं तरी नकल्याच. पोट भरत होतं आणि हौसही भागत होती.

भाचा त्याच्या खांद्यावर वाढला. लहानपणी त्या पोराची जीभ स्वरावर अडायची. ‘आई’ म्हणायच्या आधी तो थांबायचा, एक आवंढा गिळायचा आणि मग सगळा जोर करून म्हणायचा, ‘...आई!’ मामा त्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि पोरगं स्वतःच खदाखदा हसायचं. पुढे त्याला मिसरूड फुटलं, आवाज फुटला, आवंढा कुठल्या कुठे गेला. मामाची नक्कल मात्र तशीच राहिली.

‘मामा, मी कुठे असा बोलतो आता?’ भाचा वैतागायचा.

‘तू नाही बोलत रे. माझ्याकडे जो तू आहेस ना, तो बोलतो.’

ताईला हे बिलकूल आवडायचं नाही. ‘जित्याजागत्या माणसाचं असं काही ठेवून घेऊ नये,’ ती म्हणायची. यावर नकल्या तिच्याच आवाजात तिला तेच वाक्य ऐकवायचा आणि ती हातातलं फडकं त्याच्या अंगावर भिरकावायची.

भाचा सैन्यात लागला तेव्हा कुठे लढाई नव्हती. चांगली नोकरी, वेळेवर जेवण, म्हातारपणी पेन्शन, एवढाच हिशेब होता. मग सरकारला समुद्रापलीकडचं एक बंदर आवडलं.

या प्रकाराला लढाई म्हणायचं नाही, असं सरकारने ठरवलं होतं. ‘शेजारधर्म’ म्हणायचं. आता हा शेजारी कसला, तर मध्ये दोन देश आणि एक समुद्र टाकला की पलीकडे लागतो असला. तिथल्या गादीवरचा माणूस त्याच्याच प्रजेला नकोसा झाला होता. त्याची गादी आपण सांभाळायची आणि त्याने आपल्याला बंदर द्यायचं, असा हा धर्म. इकडे आपल्या दवाखान्यांत माणसं जमिनीवर झोपत होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही. उलट चौकाचौकात टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोला, टाळ्या वाजवणाऱ्यांत नकल्याही होता. मोठे मंत्री रेडिओवर म्हणाले, ‘आपली मुलं थंडीच्या आत घरी येतील. एकाच्याही केसाला धक्का लागणार नाही.’

थंडी आली. मुलं आली नाहीत. तेव्हा नकल्याने चौकात उभं राहून मंत्र्यांच्या आवाजात खुलासा केला, ‘बंधुभगिनींनो, कोणती थंडी ते आम्ही सांगितलं नव्हतं!’ लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी दारात सरकारी गाडी उभी राहिली.

नकल्याला वाटलं, आता आपली वरात तुरुंगात. पण गाडीने त्याला रेडिओ केंद्रावर नेलं, आणि तिथे एका तरुण साहेबाने त्याला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. साहेब फार नम्र होते. अशा माणसाला जास्त भ्यावं, हे नकल्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

‘छान करता तुम्ही,’ साहेब म्हणाले. ‘आम्ही सगळे पोटभर हसलो. आता थोडं देशासाठी कराल?’

काम असं होतं. काही मुलं अशा ठाण्यांवर होती की तिथून फोन करता येत नव्हता. त्यांचे निरोप तारेने येत. सरकारी माणसाने घरी जाऊन निरोप सांगितला की आया घाबरतात, गाडी पाहूनच चक्कर येऊन पडतात. त्यापेक्षा तोच निरोप मुलाच्याच आवाजात फोनवर मिळाला तर? कुणाचं काय वाईट झालं? नकल्याला यात वावगं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर त्याचा ऊर भरून आला. जन्मभर कुत्रा आणि दार झाल्यावर माणूस व्हायची संधी होती.

खोली तळघरात होती. तिच्या भिंतींना जाड गाद्या लावल्या होत्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत यायला नको. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. टेबलावर फोन होता, आणि शेजारी खरखर सोडणारं एक यंत्र. साहेबांना त्या खरखरीचा केवढा अभिमान! समुद्रापारच्या खऱ्या फोनलाही इतकी सुंदर खरखर नसते, म्हणायचे.

आवाज शिकायला ध्वनिफिती होत्या. जहाजावर चढण्याआधी प्रत्येक मुलाला माइकसमोर बसवून घरच्यांशी थोडं बोलायला लावलं होतं. रेडिओवर लावणार, असं सांगितलं होतं. भाच्यानेही तेव्हा घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, ‘मामा, आज आमचा आवाज घेतला.’ रेडिओवर काही लागलं नाही. मुलं परत येणार होती तर त्यांचे आवाज जायच्या आधीच का ठेवून घेतले, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. नकल्याला तो पहिल्यांदा पडला त्या खोलीत. एका मुलाने फितीवर ‘बरंय, येतो’ म्हटलं आणि त्यानंतर त्याचा नुसता श्वास ऐकू येत राहिला, तेव्हा. पण प्रश्न त्याने गिळून टाकला.

फोन सुरू झाले. नकल्या यात बघता बघता तरबेज झाला. आई काही अडचणीचं विचारायला लागली की त्याने एक युक्ती काढली होती: आधी हसायचं आणि मग घरातलंच काहीतरी विचारायचं. गच्ची गळते का अजून? मांजरीला पिल्लं झाली का? की आई सांगत सुटते, आणि आपण काय विचारलं होतं ते तीच विसरते. साहेबांना ही युक्ती एवढी आवडली की त्यांनी पुन्हा चहा ओतला.

पलीकडच्या दारातल्या शिंपीणबाईंचा एकुलता एक मुलगा भाच्याच्याच जहाजाने गेला होता. त्याचाही आवाज नकल्याकडे आला. दुपारी तो तळघरातून तिच्याशी बोलायचा आणि संध्याकाळी घरी आला की ताई सांगायची, ‘अरे, शिंपिणीच्या पोराचा फोन आला होता. आज मशीन चालवताना गात होती बघ.’ नकल्या मान खाली घालून जेवायचा. भिंतीपलीकडून खरंच गाणं ऐकू यायचं.

हळूहळू निरोप यायचे थांबले. साहेब म्हणाले, तुम्हीच काहीतरी रचा, तुम्हाला काय अवघड? नकल्या रचत गेला. शेवटी एक दिवस धीर करून त्याने विचारलं, ‘साहेब, ही मुलं आहेत ना?’

साहेबांनी कप बशीत ठेवला. ‘हे बघा कलाकार, एकदा मेला म्हटलं की लोक का मेला ते विचारतात. बंदराचा करार सहीला आलाय. सही होईपर्यंत आपल्याकडे कुणी मेलेलं नाही.’



‘तुमच्या भाच्याची काळजी करू नका,’ साहेब पुढे म्हणाले. ‘त्याला आम्ही तळावर घेतलंय, कोठारावर. गोळी सोडा, तिथे माशीसुद्धा जात नाही. शिवाय तिथे फोन आहे. तुम्ही इथे आहात तोवर तो तिथे आहे.’

हे वचन होतं की धमकी, ते नकल्याने विचारलं नाही. त्याला एवढंच समजलं की आपण बोलत राहिलो तर आपलं पोरगं जगेल. ज्या आईला तो फोन करत होता तिचा मुलगा आता नाही, हे त्याला माहीत झालं होतं. आणि आपला आहे हेही. हे दुसरं टिकावं म्हणून तो ते फोन करत राहिला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच झाली नाही. आणि त्याच आठवड्यात भाच्याचा फोन घरी आलाही. ताईने संध्याकाळी दारातच सांगितलं, तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. नकल्याने मनातल्या मनात साहेबांना हात जोडले.

पण आता दुसरंच काही सुरू झालं होतं. आवाज तळघरात राहायचे नाहीत, त्याच्याबरोबर घरी यायचे. तो खोकला की खोकला दुसऱ्याचाच असायचा. चहावाल्याकडे पैसे देताना एकदा त्याच्या तोंडून ‘आई, बरी आहेस ना?’ असं निघून गेलं, आणि तो दाढीवाला चहावाला त्याच्याकडे बघतच राहिला. गंमत करायची म्हटली तरी जुने आवाज येईनात. दूधवाला हाक मारायचा, ‘काय नकल्या, आज माझ्यासारखं बोलला नाहीस!’ आणि नकल्या घसा साफ करायचा, तर घशात कुणीतरी दुसराच आधीच बोलायला उभा. एकदा जेवताना तो कशालातरी हसला, तर ताईने घास खाली ठेवला.

‘कुणाचं हसू आणलंस हे घरात?’

‘माझंच आहे.’

‘नाही,’ ताई म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. ‘मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. हे तुझं नाही.’

फोन तर आधीपासूनच एवढे वाढले होते की एकटा नकल्या पुरा पडत नव्हता. म्हणून त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी एक मास्तरीणबाई आणल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वर्गातल्या कुठल्याही पोराची नक्कल करू शकणाऱ्या. त्यांना फोनवर बोलायचं कसं, ते नकल्याने शिकवलं. शिकवताना दुसऱ्या कुणाचा आवाज घ्यायला तो धजावेना. ते सगळे मेलेले होते. म्हणून त्याने आपल्या भाच्याचा घेतला. जिवंत माणसाचा आवाज म्हणून तेवढाच एक मोकळा होता. ‘बघा, असं थांबायचं, आवंढा गिळायचा, ...आई!’ मास्तरीणबाई हसल्या आणि त्यांनी तस्सं म्हणून दाखवलं. त्या खोलीत खरं हसू फक्त तेव्हा ऐकू यायचं.

घरी भाच्याचे फोन येत राहिले, नेमके नकल्या कामावर असताना. ताई बारीकसारीक सगळं सांगायची. काय विचारलं, काय म्हणाला. ‘हल्ली फार लहान झाल्यासारखा बोलतो रे,’ ती म्हणायची. नकल्या म्हणायचा, ‘लांब गेलं की होतं तसं.’ तो पलंगावर पडायचा आणि मनाशी म्हणायचा, चला, आजचा दिवस पोरगं जगलं.

मग करारावर सही करायला मंत्री निघाले आणि त्यांच्याबरोबर साहेबही समुद्रापार गेले. त्यांच्यामागे नकल्याचा घसा बसला. आवाजच फुटेना, म्हणून तो दुपारीच घरी यायला निघाला. साहेब असते तर त्यांनी त्याला या वेळी घरी जाऊच दिलं नसतं. पण ते नव्हते, आणि दारावरच्या शिपायाला यातलं काही माहीत नव्हतं.

तो घरात शिरला तर ताई फोनवर होती. तिने खूण करून त्याला जवळ बोलावलं आणि रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. समुद्रापारची खरखर ऐकू आली. सुंदर खरखर होती. मग एक क्षण कुणीच बोललं नाही. मग पलीकडे कुणीतरी आवंढा गिळला.

‘...आई!’

भाचा दाढी करायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून असा बोलत नव्हता. असा भाचा जगात एकाच ठिकाणी होता, नकल्याच्या गळ्यात. नकल्या तोंड मिटून उभा होता आणि त्याची नक्कल त्याच्याच कानात बोलत होती.

‘कधी येतोस रे परत?’ ताईने विचारलं.

पलीकडचा आवाज हसला. ‘आई, मागच्या दाराची कडी बसवलीस का गं नवी?’

आणि ताई कडीचं सांगायला लागली. कारागीर कसा येतो म्हणून आला नाही, मग तिने स्वतःच कशी ठोकली. नकल्याला उभं राहवेना. त्याने रिसीव्हर ओढून घेतला आणि जेवढा निघाला तेवढ्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘कोण बोलतंय?’

पलीकडे श्वास अडकला. आधी खरखर बंद झाली, आणि मग फोन.

‘लाइन तुटली वाटतं,’ ताई हळहळली. ‘तूही नेमका मध्ये बोललास! पण ऐकलंस ना? अगदी लहानपणीसारखं म्हणतो हल्ली. आठवण येत असेल रे माझ्या लेकराला.’

नकल्या मोरीत गेला आणि बराच वेळ नळाखाली डोकं धरून बसला. ताईला वाटलं, घसा दुखतोय.

सकाळी मास्तरीणबाई केंद्राच्या पायऱ्यांवरच त्याची वाट बघत होत्या. आत जायचा त्यांना धीर झाला नव्हता. त्यांचे डोळे सुजले होते.

‘कधीपासून?’ नकल्याने विचारलं.

‘पहिला फोन मीच केला होता, भाऊ. त्याआधीच तो...’ त्यांनी पदर तोंडाशी धरला. ‘कोठारबिठार काही नव्हतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. तुम्ही काम सोडाल म्हणाले. माझाही नातू तिकडे आहे हो. त्यालाही तळावर ठेवलंय म्हणाले.’

‘त्याची फीत होती ना तुमच्याकडे? मग फितीसारखं का नाही बोललात?’

‘फितीवरचा मोठा मुलगा मला जमेना,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘तुम्ही शिकवलेला जमायचा.’

आतून घंटा वाजली. फोनची वेळ झाली होती. बाई उठल्या, आणि नकल्याला वाटलं त्या घरी जातील; पण त्या आत गेल्या. नातवाला जगवायला गेल्या. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण इथे प्रत्येकाच्या बगलेत एकेक कोंबडं देऊन ठेवलं होतं, आणि प्रत्येक जण ते जिवापाड दाबून बसला होता. सरकारला स्वतः काही करावंच लागत नव्हतं. नकल्याला साहेबांचा राग आला, मंत्र्यांचा आला, त्या बंदराचा आला, पण सगळ्यात जास्त किळस त्याला स्वतःच्या गळ्याची आली.

तो घरी आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

‘ताई, तो फोन त्याचा नाही. तो गेला. पहिल्या फोनच्या आधीच गेला.’

ताईने त्याच्याकडे रोखून बघितलं. ‘तुझ्या जिभेला काही हाड?’

‘देवाशपथ सांगतोय.’

‘आणि हे कुणाच्या आवाजात सांगतोयस? नीट बोल. तुझ्या आवाजात बोल!’

‘हा माझाच आहे ताई. एवढाच उरलाय.’

‘खोटं,’ ती म्हणाली. ‘जन्मभर नकला करून करून तुझं डोकं फिरलंय. आईला पोराचा आवाज कळत नाही? काल तू स्वतः ऐकलास. तो माझा मुलगा होता!’

मग त्याने सगळं सांगितलं. तळघर, फिती, खरखर, मास्तरीणबाई. ताई ऐकत होती आणि मटार सोलत होती, भराभरा, दाणे भांड्याबाहेर उडत होते. तिचा विश्वास बसत नव्हता आणि ती तो बसू देत नव्हती. शेवटी तिने भांडं बाजूला सारलं.

‘मग दाखव,’ ती म्हणाली.

‘ताई, नको.’

‘दाखव म्हणते ना. एवढा मोठा कलाकार आहेस ना तू? दाखव!’

दुपारच्या लख्ख उजेडात, तिच्या डोळ्यांत बघून ते करायचं त्याला जमेना. त्याने भिंतीकडे तोंड केलं. थांबला. आवंढा गिळला.

‘...आई!’

मग ताई मागून अगदी हळू म्हणाली, ‘पुन्हा म्हण.’

त्याने पुन्हा म्हटलं.

‘जेवलास का रे?’ ताईने विचारलं. ती त्याच्याशी बोलत नव्हती. नकल्याला कळलं की आता आपण इथे थांबायला हवं, वळायला हवं. पण त्याला थांबता येईना.

‘जेवलो, आई.’

‘परत कधी येतोस?’

हा प्रश्न त्याला कितीतरी आयांनी विचारला होता, आणि प्रत्येकीला तो हसला होता. आत्ता त्याला हसू आलं नाही. त्याचं तोंड उघडलं आणि आतून भाचा बोलला. आवंढा न गिळता, मोठा झालेला, मिसरूड फुटलेला, घोगरा. असा तो नकल्याला कधीच जमला नव्हता.

‘आई, मी नाही गं येणार. मी इकडेच मेलो. कुणाच्या तरी गादीसाठी मेलो, आणि तुला कुणी सांगितलंसुद्धा नाही.’

नकल्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. हे त्याने ठरवलेलं नव्हतं. हे कुणी रचलं, तेही त्याला माहीत नव्हतं. तो वळला तेव्हा ताई भुईवर वाकून बसली होती, कपाळ फरशीला टेकून, आणि तिच्या तोंडून निघत होता तो आवाज नकल्याने आयुष्यात कधी ऐकला नव्हता आणि त्याची नक्कल त्याला कधी करता येणार नव्हती. तो तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला. तिने तो झिडकारला. मग थोड्या वेळाने तोच हात ओढून घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

तिचं रडणं ओसरलं तेव्हा भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ताई ऐकत राहिली.

‘शिंपिणीला कोण करतं फोन?’ तिने विचारलं.

‘मीच.’

‘म्हणजे तिचाही...’

‘हो.’

‘आणि बाकीच्या? या गल्लीतल्या, मागच्या गल्लीतल्या?’

नकल्याने मान डोलावली.

ताई उठली. तोंड धुतलं, पदर नीट केला, पायात चपला सरकवल्या. ‘चल,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘माझ्यासारखीच तीही तुझ्यावर विश्वास ठेवायची नाही. पोरालाच सांगू दे. चल.’

‘ताई, साहेब आपल्याला सोडणार नाहीत. जिवंत ठेवणार नाहीत आपल्याला.’

‘मग त्यांना विचारता येईल, का मारता म्हणून,’ ताई म्हणाली, आणि त्याच्या दंडाला धरून तिने त्याला बाहेर काढलं.

शिंपीणबाईंनी दार उघडलं. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, ओठांत दोन टाचण्या. त्या त्यांनी घाईघाईने काढल्या आणि तोंडभर हसल्या. ‘या या! आज नेमक्या बऱ्या वेळेला आलात. याच्या फोनची वाट बघत होते, एवढ्यात यायचाच. बसा ना, तुम्हालाही बोलायला देते.’

ताईने तिच्या हातातली कात्री अलगद काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. मग ती शिंपिणीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने तिचे दोन्ही खांदे धरले.

‘तू बोल,’ ती नकल्याला म्हणाली. ‘मी हिला धरते.’